एक दिवस आधी

टेलिफोन खात्यात नोकरीला असल्यामुळे जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या गल्लीत पहिला टेलिफोन माझ्या घरी आला. खात्याने तो माझ्यासाठी दिला होता, पण माझ्यासाठी त्याची घंटी महिन्यातून दोनदा वाजायची आणि समोरच्या लांजेवार गुरुजींसाठी जवळजवळ रोज. पलीकडून कोणीतरी उमरेडहून, काटोलहून, पारशिवनीहून ट्रंककॉलवर जिवाच्या आकांताने ओरडत असायचं, "गुरुजीले बोलवा ना जी जरासं!" मग मी अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत खिडकीतून हाक मारायची आणि गुरुजींनी तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारत, धोतराचा सोगा सांभाळत गल्ली ओलांडायची. सुरुवातीला मी वैतागायचो. पुढे पुढे मात्र दोन दिवस फोन आला नाही की मीच रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते बघायचो.

फोनवर ते तीनच प्रश्न विचारायचे. सभा आत आहे की मैदानात? बायकांना बसायला जागा कुठे ठेवली आहे? आणि आभार कोण मानणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "भास्करराव, दीड तास घाम गाळून मी लोकांले घरी नेण्यासारखं काही देतो. अन् आभारवाला उठून मंडपवाल्यापासून सतरंजीवाल्यापर्यंत नावं घेतो. लोक घरी जातात तवा त्यांच्या डोक्यात सतरंजी राहते गा, मी नाही राहत."

भाषण करणं हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे आमच्या गल्लीला पटायला फार वेळ लागला. गुरुजी बारा वर्षं शाळेत शिक्षक होते. गणपतीत, शारदोत्सवात भाषणं करता करता बोलावणी इतकी वाढली, की रजा पुरेनात. शेवटी त्यांनी नोकरीच सोडली. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की मुलं तास संपण्याची वाट बघतात आणि मोठी माणसं भाषण संपल्यावर "अजून थोडं" म्हणतात, तेव्हा शहाण्या माणसाने कुठे जावं हे उघड आहे. एसटीत शेजारी बसलेला माणूस हमखास विचारायचा, "काय करता जी तुम्ही?" गुरुजी सांगायचे, "बोलतो." तो म्हणायचा, "बोलता ते दिसूनच राहिलं. पण करता काय?" हा संवाद ते स्वतःच रंगवून सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसायचे.

त्यांच्या दोन भाषा होत्या. व्यासपीठावर चढले की चपला खाली राहाव्यात तशी घरची बोली खाली राहायची. वर गेल्यावर 'मले'चं 'मला' व्हायचं, 'काहून'चं 'का बरे' व्हायचं, आणि आवाजात अशी काही धार यायची की मागच्या रांगेतली शेंगदाणे खाणारी मंडळीही हात थांबवत. खाली उतरून चपलेत पाय घातला की पहिलं वाक्य यायचं, "भूक लागून राहिली बाप्पा."

ही भूक म्हणजे त्यांच्या धंद्यातलं मापच होतं. भाषणाआधी ते कपभर कोरा चहा सोडून काही घेत नसत. भाषण रंगलं की यजमानाच्या घरी चार भाकरी सहज खात आणि नागपूरला परतल्यावरही "काही आहे का वं?" म्हणून डबे उघडत. भाषण पडलं की पानात बोटं फिरवत बसत. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कधी "भाषण कसं झालं?" असं विचारत नसत. पान वाढायच्या आणि बघत राहायच्या, त्यांना सगळं कळायचं.

काकूंनी त्यांचं भाषण मात्र कधीच ऐकलं नव्हतं. महिन्यातले अठरा-वीस दिवस नवरा बाहेर. घरी म्हातारे सासरे, एक मुलगा, गाय, आणि गुरुजी गावोगावहून आणत त्या नारळांचा ढीग. शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करायची पद्धत ज्याने पाडली, त्याच्या घरी बहुधा नारळ फोडायला कोणी नसावं. गणपतीपासून मार्गशीर्षापर्यंत आमच्या गल्लीत कोणी नारळ विकत आणत नसे. काकू वड्या करायच्या, चटण्या करायच्या, आणि उरलेले नारळ दारोदार वाटायच्या. शाली जोडून त्यांनी दुलया शिवल्या. आमची मुलगी झाली तेव्हा त्यातली एक आम्हाला आली. ती दुलई अजून आहे, आणि तिच्या एका कोपऱ्यावर कुठल्याशा मंडळाचं भरतकामातलं अर्धं नाव आहे.

गुरुजींची एक लांबट वही होती. प्रत्येक पानावर गाव, विषय आणि तिथे कोणते किस्से सांगितले ते, म्हणजे पुढच्या वर्षी तेच पुन्हा नकोत. तारखेच्या बाबतीत त्यांची एक खास रीत होती. भाषणाची तारीख ते लिहीतच नसत. लिहायचे ती घरून निघायची तारीख. तेव्हा लांबच्या गावांना दिवसातून एखादीच गाडी, ती चुकली तर सभा बुडाली, म्हणून ते सहसा आदल्या दिवशीच निघायचे. त्यामुळे वहीतलं सगळं जग एक दिवस आधी चालायचं. ही रीत लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

माणूस आपल्या कामात किती तरबेज होता ते मी एकदा कोराडीला पाहिलं. वीजकेंद्राच्या वसाहतीत संध्याकाळी भाषण होतं. ते ऐन रंगात आलं आणि पाळी बदलायची वेळ झाली. अर्धी माणसं डबे सावरत उठू लागली, आणि त्याच वेळी सुटलेल्या पाळीची माणसं अंगावरची राख झटकत आत येऊ लागली. दुसरा एखादा चिडला असता. गुरुजी दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "जाणाऱ्यांनी जरा उभ्याउभ्याच शेवट ऐकून जावा. येणाऱ्यांनी बसून घ्यावे, त्यांना मी सुरुवातीपासून सांगतो." आणि खरोखरच त्यांनी आधी शेवट सांगितला, त्यावर टाळ्या घेतल्या, मग सुरुवात केली. जाणारे हसत गेले आणि येणारे हसत बसले. परतीच्या बसमध्ये मी त्यांचं कौतुक केलं, तर म्हणाले, "अरे, पोटासाठी चालले होते गा ते. त्याइले अर्धवट काहून पाठवाचं?"

त्यांचं सगळ्यात गाजलेलं भाषण होतं 'हसतं घर'. आणि त्यातला सगळ्यात गाजलेला किस्सा होता 'आमच्या कुटुंबा'चा. त्या काळी वक्त्याने बायकोवर चार विनोद केले नाहीत तर लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नसे, मग सभा फुकट का असेना. गुरुजी मान किंचित खाली घालून सुरुवात करायचे: "लग्न गुरुवारी. आमचे कुटुंब बुधवारी सकाळीच हजर. कडेवर लेकरू, हातात आहेर, अंगावर शालू. मांडवाचे बांबू अजून जमिनीवर आडवे! नवरदेव दाढी करायला गेलेला! आमचे कुटुंब विचारते, अक्षता कुठे मिळतील? घरधनी म्हणतो, बाई, तांदूळ अजून निवडायचा आहे! मग काय, आमच्या कुटुंबाने पदर खोचला आणि दिवसभर बसून स्वतःच्या अक्षता स्वतःच निवडल्या!"

यावर लोक अक्षरशः लोळायचे. मीही हसलो आहे, एकदा नाही, दहादा. काकूंच्याच ओसरीवर बसून, त्यांच्याच हातच्या नारळाच्या वड्या खात मी गुरुजींना "तो कुटुंबाचा सांगा ना" म्हटलं आहे. तेव्हा काकू आत असायच्या. आत ऐकू जात असेल का, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. आज त्याची लाज वाटते.

काकूंची धाकटी बहीण वत्सला उमरेडला दिलेली होती. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. माहेरच्या कुठल्याही लग्नात कोठीची चाबी काकूंकडे असायची. लग्नघरातली कोठी म्हणजे तांदूळ, साखर, तूप, लाडू, सगळ्याची खोली. तिची चाबी जिच्या कमरेला, तिच्यावर घराची अब्रू. तिथे काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. किती पंगती उठतील आणि किती तांदूळ टाकायचा, हे त्या मांडवावर एक नजर टाकून सांगत. त्या उमरेडला गेल्या, पदर खोचला आणि कोठीच्या दाराशी गेल्या.

तिथे वत्सलाबाईंच्या सासूबाई उभ्या होत्या. उमरेडला गुरुजींची भाषणं दर वर्षी व्हायची आणि या सासूबाईंनी ती सगळी पहिल्या रांगेत बसून ऐकलेली. काकूंना बघून त्या दहा जणींसमोर हसत म्हणाल्या, "ह्याइले नोका देऊ वं चाबी. ह्या उद्याचे लाडू आजच वाढून टाकतीन!" सगळ्या बायका हसल्या. एकीने विचारलं, "तुम्हीच का वं त्या, अक्षता निवडणाऱ्या?" काकूही हसल्या. चाबी दुसऱ्या कोणा मावशीच्या कमरेला गेली. काकूंनी ते तीन दिवस पाहुण्यांना चहा देण्यात काढले.

हे मला माझ्या बायकोने, सुमनने सांगितलं. काकू तिच्याशी बोलल्या होत्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वीस वर्सं मी घर ओढलं सुमन. अन् गावोगाव माह्यं नाव काय, तं येडी."

दोन-तीन दिवसांनी सावनेरहून फोन आला. गुरुजी माझ्या खोलीत उभं राहून "हो, हसतं घर ठेवू" असं म्हणत होते. काकू सुमनकडे विरजण मागायला आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. गुरुजींनी फोन ठेवला.

"तेवढा तो किस्सा काढून टाका," काकू म्हणाल्या.

"कोणता?"

"तुम्हाले ठाऊक हाय कोणता."

गुरुजी मला बघून जरा ओशाळले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "अवं, ते तू नाहीस. ते एक पात्र हाय. लोकाइले समजते ते."

"पात्र हाय तं मंग मले चाबी काहून नाही देली?" काकू म्हणाल्या, आणि विरजणाची वाटी घेऊन गेल्या.

हजारो लोकांसमोर कधी न अडखळलेला माणूस माझ्या खुर्चीवर बसला आणि टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळू लागला. शेवटी म्हणाला, "तिचं खरं हाय गा. काढून टाकतो."

काढून टाकणं इतकं सोपं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात पारशिवनीला भाषण होतं. मलाही तिथल्या एक्सचेंजमध्ये काम होतं म्हणून आम्ही बरोबरच गेलो. ओळख करून देणाऱ्याने पाऊण तास खाल्ला. गुरुजींनी 'हसतं घर' सुरू केलं, किस्सा येण्याची जागा आली आणि ते तिला वळसा घालून पुढे गेले. लोक चुळबुळायला लागले. मी मागे उभा होतो, मला ते दिसत होतं. थोड्या वेळाने कार्यकर्त्याने टेबलावर चिठ्ठी ठेवली, तिच्यात तोच किस्सा मागितला होता. मग मागून कोणीतरी ओरडलं, "गुरुजी, कुटुंबाचा होऊ द्या!" आणि सगळं मैदान ओरडू लागलं. गुरुजींनी चिठ्ठी पालथी ठेवली. पाण्याचा पेला उचलला, भाषणात ते कधी पाणी पीत नसत. मग मान किंचित खाली घातली आणि म्हणाले, "लग्न गुरुवारी."

इतका हशा मी आजवर ऐकला नाही. सकाळच्या एसटीत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी तिले सांगू नोको." मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. त्या दिवशी आमचं जेवण त्यांच्याकडेच होतं. गुरुजींना सपाटून भूक लागलेली. त्यांनी तिसरी भाकरी मागितली तेव्हा काकूंचा हात मध्येच थांबला. मग त्यांनी भाकरी वाढली, चौथीही वाढली. "लय हसले वाटते लोक," असं फक्त म्हणाल्या. गुरुजींनी हातातला घास पुन्हा पानात ठेवला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्यानंतर काही दिवस गुरुजी मला वेगळेच वाटले. फोनवर आभाराचं विचारायला विसरत. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, फार वाटत होतं. पण लोकांच्या हसण्याची त्यांना सवय लागली होती, आणि ती सवय तंबाखूसारखी नुसतं ठरवून सुटणारी नव्हती. मी त्यांना तेव्हा मनातल्या मनात बरंच बोललो. आज वाटतं, मी तरी कुठला शहाणा लागून गेलो होतो.

मग उमरेडचा नेहमीचा फोन आला. तिथल्या वाचनालयाचा वार्षिक समारंभ, रविवारी चार वाजता, शाळेच्या पटांगणात. नेमकी काकूंनीच खिडकीतून माझी हाक ऐकली आणि गुरुजींबरोबर त्याही आल्या. त्यांचं बोलणं संपायच्या आत त्या म्हणाल्या, "त्याइले सांगा, बायकाइच्या बाजूले एक जागा जास्तीची ठेवा. मी बी येऊन राहिली."

आम्ही चौघे गेलो. सुमन आणि काकू बायकांच्या बाजूला बसल्या. वत्सलाबाई आणि त्यांच्या सासूबाई पहिल्याच रांगेत होत्या. सासूबाईंनी काकूंना प्रेमाने जवळ बसवून घेतलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. मी पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून उभा राहिलो. भाषण माझं नव्हतं, तरी मीच सारखा घड्याळ बघत होतो.

गुरुजींनी सुरुवात चांगली केली. किस्स्याची जागा आली तशी पुढच्या रांगेतली माणसं आधीच एकमेकांना कोपराने ढोसू लागली. गुरुजी थांबले. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. मग सवयीप्रमाणे मान खाली घातली आणि म्हणाले, "लग्न गुरुवारी." हशा सुरू झाला. तो ओसरेपर्यंत ते उभे राहिले, आणि मग म्हणाले, "मंडळी, या किस्स्यात आज एक दुरुस्ती आहे."

आणि तिथून पुढे त्यांची व्यासपीठाची भाषा गेली.

"ते कुटुंब नोतं. तो मी होतो. आमच्या धंद्यात वहीत निघाची तारीख लिवतात. लग्नाची बी मी तशीच लिवली, अन् मंग तेच लग्न समजून बसलो. बुधवारी पहाटेच्या गाडीनं हिले घेऊन निघालो. स्टँडवर ही मले म्हणे, अवो, लग्न उद्या हाय. मी हिच्यावर खेकसलो, चार लोकाइत. म्हटलं, तुले काय समजते?"

लोक पोट धरून हसत होते. नवा किस्सा, तोही घरच्या बोलीत! गुरुजींनी हात वर केला. "खरं सांगून राहिलो," ते म्हणाले. त्यावर आणखी मोठा हशा झाला. वीस वर्षं ज्या माणसाने थांबायचं कुठे आणि मान घालायची कुठे हे बेतून लोकांना हसवलं होतं, त्याचं खरं बोलणंही लोकांना बेतलेलंच वाटत होतं.

"तिथं पोचलो तं मांडव नाही. माह्यी मान खाली. घरधनी इचारते, आज कसे काय? तं ही माह्याआधी बोलली. म्हणे, दादा, आम्ही मुद्दाम एक दिवस आधी आलो, तुमच्या कामाले हात लावाले. अन् पदर खोचून, लेकरू बाजूले निजवून, दिवसभर तांदूळ निवडत बसली. माह्यी अब्रू झाकाले. अन् मी तेच तांदूळ घेऊन वीस वर्सं तुम्हाले हसवलं."

पुरुषांच्या बाजूला हसणं अजून चालूच होतं, टाळ्याही वाजत होत्या. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिथे एकही बाई हसत नव्हती. दीडशे बायका पदर धरून गप्प बसल्या होत्या. त्यांतल्या प्रत्येकीने कधी ना कधी असेच कोणाचे तरी तांदूळ निवडले असणार. वत्सलाबाईंच्या सासूबाई काकूंकडे वळून बघत होत्या. काकू समोर, गुरुजींकडे बघत होत्या. नवऱ्याचं भाषण त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या.

भाषण तिथेच संपल्यासारखं झालं. पुढची दहा मिनिटं गुरुजी काय बोलले ते त्यांनाही आठवत नसेल. वत्सलाबाईंच्या घरी पान वाढलं, तर ते बोटं फिरवत बसले. काकू भाकरी घेऊन आल्या.

"जेवा. आज चांगलं बोलले तुम्ही."

"लोकाइले खरं नाही वाटलं वं."

"ज्याइले वाटाचं त्याइले वाटलं," काकू म्हणाल्या आणि भाकरीवर तूप वाढून आत गेल्या. आतून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या कोणाला तरी म्हणत होत्या, "आधी तिले पाट दे वं." गुरुजींनी हळूहळू दीड भाकरी खाल्ली.

त्यानंतर तो किस्सा त्यांनी पुन्हा सांगितला नाही. फोनवर कोणी मागितला तर स्पष्ट म्हणायचे, "तो बंद केला. तो खोटा होता." पलीकडचा माणूस हसायचा आणि मग गोंधळायचा. खरं सांगायचं तर 'हसतं घर' त्यानंतर पडलंच. बोलावणी कमी झाली, गल्लीतल्या बायका नारळ विकत आणू लागल्या. गुरुजींना त्याचा त्रास झाला, तो ते लपवतही नसत. "सवय सुटत नाही गा," एकदा मला म्हणाले, "त्या जागेवर आलो का मान आपोआप खाली जाते." तरी ते बोलत राहिले, जिथे बोलावतील तिथे, पन्नास माणसं असोत की पाच.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. गुरुजी गेल्याची बातमी मला टेलिफोनवरच कळली. सुमनने फोन घेतला होता. मी तेव्हा दाढी करत होतो आणि पुढे कितीतरी वेळ तसाच अर्ध्या दाढीने बसून राहिलो.

पण मला ते दिसतात ते त्याच्या दोन वर्षं आधीचे. मी अकोल्याहून कामासाठी आलो होतो आणि नागपूरच्या बसस्टँडवर सकाळी उतरलो. बाकावर गुरुजी आणि काकू बसलेले. गुरुजी थकले होते. मांडीवर तीच रेक्झिनची पिशवी होती आणि गालात लवंग. मला वाटलं, कुठेतरी भाषण आहे.

"भाषण नाही गा," ते म्हणाले. "वत्सलाच्या धाकटीचं लग्न हाय."

"आज?"

"उद्या." माझा चेहरा बघून त्यांना हसू आलं. "ठाऊक हाय मले, उद्या हाय. वही पाहून नाही निघालो, हिले इचारून निघालो. कोठीची चाबी हिच्याकडं हाय. त्या सासूबाईनं सोता पत्र धाडलं. कोठीवालीले एक दिवस आधी जाच लागते."

काकू तिकिटं पदराच्या गाठीत नीट बांधत होत्या. उमरेडची गाडी लागली. त्या पुढे चढल्या आणि मागून दोन्ही पिशव्या घेऊन गुरुजी चढले. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"भास्करराव," ते म्हणाले, "या खेपेले अक्षता निवडाले मी बी बसणार हाय."